अकरा नंबरच्या खुर्चीची कबुली

मित्रांनो, पाठीवर पांढऱ्या रंगात 'अकरा' लिहिलेली, घडी घालायची लोखंडी खुर्ची कधी पाहिलीत? हडपसरच्या श्रमसाफल्य सोसायटीतली ती खुर्ची म्हणजे मी. आता रंग उडालाय, एक पाय वाकलाय. पण मला रडगाणं गायचं नाही. मला एक चूक कबूल करायची आहे. आणि खुर्चीचं ऐकून घ्यायला तुमच्याशिवाय रिकामं कोण आहे?

भवानी पेठेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. कारखान्यात नोकरी करणाऱ्या बारा कुटुंबांनी मिळून तीन मजली इमारत बांधली आणि वास्तुशांतीसाठी आम्हा पंचवीस खुर्च्यांना घरी आणलं. तेव्हापासून आमचा मुक्काम जिन्याखाली. बारसं असो, डोहाळजेवण असो, नाहीतर कुणाचा तेरावा, आम्ही हजर! गणपतीतल्या संगीत खुर्चीत तर पोरांनी माझ्यासाठी एकमेकांचे केस ओढलेत. काय भाव होता तेव्हा आम्हाला! तळमजल्यावरचे श्रीधरराव दर वर्षी आमच्या बिजागऱ्यांना तेल घालायचे. ते वारले आणि तेलही बंद झालं. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, आम्ही चारच उरलो. गंजलो, कुरकुरू लागलो. "द्या ना या भंगारात," असं येता-जाता कानावर पडायचं.

श्रीधररावांच्या पत्नी श्यामलाबाई. तीस वर्षं शाळेत शिकवलेलं, म्हणून सगळी सोसायटी त्यांना 'बाई'च म्हणते. दोन्ही गुडघे गेलेले. तरी दारापुढच्या दोन पायऱ्या उतरून त्या रोज सकाळी अंगणात येऊन माझ्यावर बसायच्या. मेथी निवडायची, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायची, हाच त्यांचा दिवस. प्लॅस्टिकची खुर्ची त्यांना नको वाटायची. ती म्हणे उठताना पाय फाकवते. माझा त्यांना आधार होता. आज तो शब्द आठवला तरी मला लाज वाटते.

मागच्या वर्षी सेक्रेटरी अवधूतने एक योजना आणली. आमची इमारत पाडायची आणि तिथे बावीस मजले चढवायचे. बारा घरांच्या जागी अठ्ठ्याऐंशी घरं! खाली सगळं पार्किंग, आणि बाईंच्या वाट्याला चौदावा मजला. दुसऱ्या मजल्यावरच्या रुपालीचा याला कडाडून विरोध होता.

"आत्ताच बारा घरांना टँकर मागवावा लागतो," ती म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी झाली की आंघोळीला चमचे वाटा!"

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "अगं, लिफ्ट बंद पडली की मी तिथे कैदेतच की. सभेत मी तुझ्या बाजूने उभी राहीन. शब्द देते तुला."

रविवारी सकाळी अंगणात सभा भरली. बाई शेवटच्या ओळीत, माझ्यावर बसल्या. घरटी एक मत. विरोधाची सहा मतं पडली की योजना बारगळणार होती.

अवधूतला कसली घाई होती कोण जाणे. "ज्यांचा विरोध असेल त्यांनी प्लीज उभं राहा," तो म्हणाला.

पाच जण ताडकन उठले. बाईंनी गुडघ्यांवर हात रोवले, जोर केला, आणि मित्रांनो, त्यांचा पदर माझ्या गंजक्या बिजागरीत अडकला! त्या अर्ध्या उठल्या आणि मागे ओढल्यासारख्या परत बसल्या. मी सोडवायला बघत होते हो, जिवाच्या आकांताने बघत होते. पण तेल न पाहिलेलं लोखंड ते, सुटेल कसं?

"विरोध पाच. म्हणजे बाजूने सात. मंजूर! चला, चहा घ्या."

पदर फाडून बाई उभ्या राहिल्या, तेव्हा चहासाठी सगळेच उठले होते. त्यांना कोण मोजणार!

"अवधूत, माझा विरोध आहे. लिही तो," त्या म्हणाल्या.

"बाई, आता सभेचे मिनिट्स लिहून झाले. आणि विचारलं तेव्हा तुम्ही बसून होतात ना?"

मग त्या मला घेऊन जिन्याखाली ठेवायला आल्या. तिथे रुपाली उभी. बाईंनी फाटका पदर पुढे केला. "अगं, अडकला होता गं..."

रुपालीचे डोळे भरले होते, पण जीभ धारदार. "बाई, शाळेत असलं कारण कुणी सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकून घेतलं असतंत?"

"नसतं घेतलं," बाई म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की चूक माझी आहे. त्या संक्रांतीला रुपालीकडून तिळगूळ आला नाही.

संमतिपत्रं आली. बाईंनी सही केली. "ठरावात मी बाजूने आहे म्हणे. आता भांडू कुठल्या तोंडाने?" असं मुलाला, केयूरला, त्या म्हणाल्या.

उन्हाळ्यात घरं रिकामी झाली. केयूर टेम्पो घेऊन आला. सामान भरेपर्यंत बाई अंगणात माझ्यावरच बसून होत्या. वर गॅलरीत रुपाली दोरीवरचे कपडे काढत होती.

"आई, तिला भेटून येतेस?"

"दोन मजले चढणं मला जमायचं नाही रे. ती उतरली तर बघू."

ती उतरली नाही. टेम्पो सुरू झाला तरी बाई वरच बघत होत्या. मग केयूरने त्यांना हळूच हात देऊन उठवलं.

आता तिथे मोठा खड्डा आहे आणि मी त्याच्या कडेला. पहारेकरी बद्रीनाथ माझ्यावर बसतो. बावीस मजले चढतील, त्यात माणसं सुखाने राहोत, माझं काही म्हणणं नाही. मित्रांनो, आमच्या बिजागऱ्यांना तेल घाला, एवढं तर मागतेच. पण त्याहून मोठं मागणं असं: उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या तरी सभेत मतं मोजायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा जागेवरून मोजू नका. शेवटच्या ओळीपर्यंत चालत जा. कुणी उठायची धडपड करत असेल, तर त्याचं उठणं पुरं होऊ द्या. आकडा त्यानंतर लिहा.