जावयाची मेजवानी

जावई उगाच हॉटेलात जेवायला नेतो, आणि तेही पोर्तो शहरातल्या, दोरो नदीकाठच्या जुन्या महालातल्या, हे काही देओलिंदाबाईंना पटत नव्हतं. लग्न झाल्यापासून आदेरितोने त्यांना कधी साधी कॉफीसुद्धा पाजली नव्हती.

छतावर कोरलेले गालफुगे देवदूत सोनेरी वेलींना लोंबकळत होते. महालाच्या आवारात पिठाची गिरणी होती तेव्हा बाईंचे यजमान इथे पोती वाहत. आता गालिच्यावर पाऊल ठेवायचंही बाईंच्या जिवावर येत होतं.

वेटरने न मागताच पाव, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवलं.

"घ्या ना, आई," आदेरितो म्हणाला.

"नको. हात लावला की बिलात लागतं. पोर्तोत जन्म गेला माझा, इथली रीत ठाऊक आहे मला."

"अगं, बिल आज हा देतोय," त्यांची लेक ग्रासिएत म्हणाली.

"तेच विचारतेय. का देतोय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी ते बरोबर टिपलं. गल्लीतली निम्मी घरं विकली जाऊन तिथे पर्यटक राहू लागले होते. गेल्या रविवारी हाच जावई त्यांच्या वरच्या मजल्यावर टेप घेऊन खोल्या मोजत होता. घर विकायला लावणार, दुसरं काय!

आदेरितोने घसा खाकरला. "आई, तुमचा तो वरचा मजला..."

"तो दिला मी भाड्याने," बाई ताडकन म्हणाल्या. "फ्रेंच नवराबायको आहेत. बोलणी पक्की झाली."

सगळी थाप. पण जावयाचा चेहरा खर्रकन उतरला आणि बाईंना बरं वाटलं. तेवढ्यात ग्रासिएतच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता तुला काय झालं?"

"आमचा घरमालक घर खाली करा म्हणतोय. त्यालाही पर्यटक हवेत. तुझ्याकडे राहायला येऊ का, विचारणार होतो. आता लक्झेंबर्गला, याच्या भावाकडेच जावं लागणार."

"मग घरी विचारायचं! असं इथे आणल्यावर माणसाला संशय येणार नाही?"

"घरी तुम्ही मला बोलू देता कुठे?" आदेरितो म्हणाला.

ते खरंच होतं. थाप कबूल केली तर जावई जन्मभर चिडवणार. नाही केली तर लेक परदेशी जाणार.

"फ्रेंच-बिंच कुणी नाही," अखेर त्या पुटपुटल्या. "खोटं बोलले मी. या राहायला."

ग्रासिएतने त्यांचा हात घट्ट धरला. आदेरितो हसला. जरा जास्तच हसला, असं बाईंना वाटलं.

"पण घर माझ्याच नावावर राहील हं," त्या त्याच्याकडे रोखून बघत म्हणाल्या. "सही-बिही मागायची नाही."