उजवीकडची पानं

कात्रीबाईंना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी वाचकांनी ठेवलेलं हे नाव काही सुटलं नव्हतं. तीस वर्षं वर्तमानपत्रात इमारतींवर लिहिताना त्यांनी कुणाची भीडभाड ठेवली नव्हती. आता त्या धाकट्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायच्या. बहीण म्हणायची, "ताई, निदान माझ्या पडद्यांना तरी नावं ठेवू नकोस."

एका सकाळी संग्रहालयातून एक मुलगी आली. जुनी डिजिटल कामं जपून ठेवणं ही तिची नोकरी. तिनं एका ग्रंथालयाचा विषय काढला आणि कात्रीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

ते ग्रंथालय प्रत्यक्षात कधी बांधलंच गेलं नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी एका तरुण वास्तुकारानं ते संगणकात उभं केलं होतं. डोळ्यांवर जड चष्मा चढवायचा आणि आत फिरायचं. सरळ भिंत एकही नाही. माणूस चालेल तशी वाट वळायची, छत खाली-वर व्हायचं. लोक हुरळून गेले होते. कात्रीबाईंनी मात्र त्याच्या चिंध्या केल्या. टेकायला कोपरा नाही, पुस्तक ठेवायला फळी नाही, हे ग्रंथालय नसून वाऱ्यानं फुगलेला पडदा आहे, असं लिहिलं. ते बांधायला निघालेल्या संस्थेनं महिनाभरात अंग काढून घेतलं.

"फायली आहेत, पण उघडत नाहीत," मुलगी म्हणाली. "ते सॉफ्टवेअरच उरलं नाही. वास्तुकार सरांनाही अर्धंमुर्धंच आठवतं. प्रत्येक वळणाचं नीट वर्णन एकाच ठिकाणी सापडलं, मॅडम. तुमच्या लेखात."

"नीट झोडपायचं तर आधी नीट बघावं लागतं," कात्रीबाई म्हणाल्या.

लेखामागे एक वहीही होती, हे त्यांनी सांगितलं नाही. मुलगी गेल्यावर बहिणीला स्टुलावर चढवून माळ्यावरची पेटी काढली. वहीत डावीकडच्या पानांवर दोष होते, ते सगळे छापलेले. उजवीकडे तिसऱ्या वळणाबद्दल लिहिलं होतं, 'इथे छत खाली येतं आणि आपण आपोआप हळू बोलायला लागतो. चष्मा काढवेना. दोनदा मागे जाऊन आले.' यातलं अक्षरही छापलेलं नव्हतं.

दोन दिवस वही टेबलावर पडून होती.

"देऊन टाक ना," बहीण म्हणाली. "कुणाचं काय बिघडतंय?"

"माझंच बिघडतंय."

तिसऱ्या दिवशी त्या वही पिशवीत घालून संग्रहालयात गेल्या. वास्तुकार तिथेच होता. केस पांढरे झालेले. विमानतळांपासून दुकानांपर्यंत सगळीकडे आता लाटांसारखी छतं होती, पण ती दुसऱ्यांनी बांधलेली. हा गोदामं बांधायचा, चौकोनी आणि भक्कम.

त्यानं उभ्या-उभ्याच वही वाचली.

"हे छापलं नाहीत."

"जागा नव्हती," कात्रीबाई म्हणाल्या. मग लगेच, "खोटं बोलले. जागा होती. सगळे तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचत होते. त्या घोळक्यात मला दिसायचं नव्हतं. चुकलं माझं."

त्यानं वहीचं पान उलटलं. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही.

"फळीचं तुमचं बरोबर होतं," तो म्हणाला. "मला त्याचाच राग जास्त आला होता." मग वहीवर बोट ठेवून, "पण दुसऱ्या वळणाला तुम्ही 'डावीकडे' लिहिलंय. ते उजवीकडे होतं."

"डावीकडेच होतं."

"अहो बाई, इमारत माझी होती!"

"आणि चालले मी होते."

मुलीनं दोन खुर्च्या ओढल्या.

पाच आठवडे दोघं तिथे बसून भांडली आणि मुलगी संगणकावर वळणं चढवत राहिली. दुसरं वळण अखेर उजवीकडेच निघालं, कारण डावीकडे घेतलं तर वाट स्वतःलाच जाऊन धडकायची. कात्रीबाईंनी वहीत काट मारली आणि शेजारी तारीख घातली.

ग्रंथालयाच्या प्रदर्शनाला गर्दी बेताचीच झाली. बहीण आत जाऊन आली आणि भोवळ आली म्हणून बाकावर टेकली.

पुढच्या महिन्यात वास्तुकारानं नव्या गोदामाचे नकाशे पाठवले, बघून सांगा म्हणून. कात्रीबाईंनी चार पानं भरून दोष लिहिले. पाचव्या पानावर, जिन्यात दुपारचं ऊन कसं उतरेल त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पाकीट बंद केलं.