हात न लावता

"मावशी, हात लावायचा नाही. तोल गेला तरच धरायचं. नाहीतर नुसतं बघायचं अन् सेकंद लिहायचे." नांदेडच्या दवाखान्यात ऋतुजानं दीड वर्षापूर्वी हे सांगितलं, तेव्हा जगदेवीनं मान डोलावली होती.

तिच्या नवऱ्याच्या, ईश्वरप्पांच्या, मांड्यांतलं बळ हळूहळू चाललं होतं. लाखांत एखाद्याला होणारा, घराण्यात उतरणारा स्नायूंचा आजार. ऋतुजा त्याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांकडं मोजमापं घ्यायची. औषध नाही, सुई नाही. रोग किती वेगानं पुढं सरकतो, तेवढंच टिपायचं. उद्या औषध निघालंच, तर ते लागू पडतंय का, हे याच आकड्यांशी ताडून बघणार होते. ईश्वरप्पांची भाची दामिनी यंदा जिना चढताना कठडा धरायला लागली होती. आकड्यांची किंमत जगदेवीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी दर सोमवारी लातूरकडच्या मुरुडच्या घरी ईश्वरप्पा मोजणीसाठी जमिनीवरून उठायला लागले, की तिचा हात त्यांच्या कोपराखाली जायचाच. वहीत बारा, तेरा, पुन्हा बारा.

या खेपेला नांदेडात ईश्वरप्पा एकटे उठले. एकतीस सेकंद लागले. ऋतुजानं वही चाळली.

"मावशी, घरी आधार देता का?"

"दोन बोटं लावते, बाई. त्याला काय आधार म्हणायचं?"

"मग यातलं खरं कुठलं धरू मी?"

ईश्वरप्पा हसले. "लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यातली बाई, अन् कॉपी पुरवायली."

"तुमी गप बसा. मला बघवत न्हाई."

"मला तरी कुठं बघवतंय? पण दामिनीच्या डॉक्टरला काय दावायचं? बारा?"

जगदेवीनं पेन मागितलं. तिनं पानापानावर लिहिलं, 'आधार दिला होता.' वही परत देताना म्हणाली, "आता न्हाई लावणार."

सोमवारी ईश्वरप्पा सतरंजीवर बसले. तिनं त्यांच्या दोन्ही बाजूंना गाद्या टाकल्या, स्वतः समोर चार हात अंतरावर पूजेला बसली. विभूती लावून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. ते हातावर असताना तिनं आजवर कधी दुसरीकडं हात घातला नव्हता, म्हणजे तो कोपराखालीही जाणार नव्हता. नजरही त्याच्यावरच हवी. आज ती भिंतीवरच्या घड्याळावर होती. तेवढी माफी तिनं मनात मागितली.

"उठा," ती हळूच म्हणाली.