काळी दोन

योगेंद्र चहाचे कप थाळीत घेऊन गाडीपाशी आला, तसं आतलं बोलणं एकदम थांबलं. ताराचंद खिडकीतून जाम गावच्या चौकातले ट्रक बघू लागले. रक्षानं पर्स मांडीवर ओढली. गोपालला गप्प बसणं जमत नाही, त्यामुळे त्यानं तोंडानंच ढोलकी सुरू केली.

“काय चाललं होतं?” योगेंद्रनं विचारलं.

“काई नाई भाऊ. गरमी लय होऊन राह्यली, तेच,” रक्षा म्हणाली.

नवरात्रातली संध्याकाळ होती आणि वाऱ्याला चांगला गारवा होता. योगेंद्रनं एकेकाला कप दिला आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. चोराच्या मनात चांदणं, तो स्वतःशीच म्हणाला. चहा गोड होता, पण त्याला तो कडूच लागला.

‘बिनबाजा’ म्हणजे चार गळे आणि वाद्य एकही नाही. योगेंद्रचं सेलूला कापडाचं दुकान आहे, पण पाटीवर त्याच्या नावाखाली ‘संस्थापक व मुख्य गायक, बिनबाजा’ असं ‘कापड’ या शब्दापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. वरचे सूर त्याचे. रक्षा शाळेत शिकवते. दुसरा आवाज तिचा आणि सुरुवातीला सगळ्यांना सूर देण्याचं कामही तिचं. गोपाल शेती करतो आणि ढोलकी, तबला, टाळ हे सगळं तोंडात घेऊन फिरतो. झोपेतही त्याचा ठेका चालू असतो, अशी त्याच्या बायकोची तक्रार आहे. आणि ताराचंद, पवनारचे किराणावाले, सगळ्यांचे ताराभाऊ, ते खर्जात गातात. त्यांचा खालचा सा लागला की पहिल्या रांगेतल्या माणसाच्या आधी त्याच्या खुर्चीला कळायचं. निदान पूर्वी तरी कळायचं.

गणपती, शारदोत्सव, शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नं. अशा कार्यक्रमांत ही मंडळी विदर्भभर हिंडली होती. प्रत्येक गावात एक तरी संशयी माणूस भेटायचाच. नुसत्या गळ्यातून एवढं सगळं निघतं यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. पेनड्राइव्ह कुठं लपवली, असं तो विचारायचा. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं तर ताराभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला होता, आणि बाहेर काय निघालं, तर ज्येष्ठमधाची काडी. योगेंद्र हा किस्सा प्रत्येक स्टेजवरून सांगायचा. संशयी माणसांची त्याला फार मजा वाटायची. आता तो स्वतःच त्यांच्या पंगतीला जाऊन बसला होता.

स्टेजवर बाजा आणायचा नाही, मोबाइलवरचा तानपुरासुद्धा नाही, हा त्याचा दंडक. अपवाद फक्त एका पितळी रीडचा. त्याच्या वडिलांची पेटी उंदरांनी संपवली, तेव्हा तिच्या दुसऱ्या काळ्या पट्टीखालची रीड त्यानं काढून ठेवली होती. बोटाएवढा तो तुकडा ओठांत धरून फुंकला की काळी दोनचा सूर निघायचा. रक्षा ती रीड कुंकवाच्या डबीत ठेवायची. पडद्यामागं हळूच फुंकायची, स्टेजवर येऊन तोच सूर गुणगुणायची आणि त्याच्यावर गाणं उभं राहायचं. पुरुषाच्या गळ्याला काळी दोन उंच पडते, भलेभले तिथं हात टेकतात, आणि योगेंद्रला त्याचाच अभिमान होता.

संशयाला सुरुवात वर्ध्यात झाली. दुकानाचा माल घ्यायला गेलेल्या योगेंद्रनं रक्षाला आणि ताराभाऊंना पेटी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं. बिनबाजाची माणसं बाजाच्या दुकानात! दारूच्या गुत्त्यातून निघताना दिसली असती तरी त्याला एवढं लागलं नसतं. संध्याकाळी त्यानं फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, तर रक्षा म्हणाली, “मी त आज घरीच होती भाऊ.” नंतर एकदा तो न सांगता पवनारला गेला. किराणा दुकानामागच्या गोदामातून आवाज येत होता. ताराभाऊ एकच खालचा सूर धरत होते, तो तुटत होता, ते पुन्हा धरत होते, आणि मधेच रक्षा म्हणत होती, “अजून थोडं.” योगेंद्र आत शिरला, तसे ताराभाऊ घाईघाईनं गुळाची ढेप इकडची तिकडं करू लागले.

पाणी कुठं मुरतंय ते त्याला कळून चुकलं. ही मंडळी नवा संच काढणार. त्यात बाजा असणार आणि आपण नसणार.

आणि तेही कधी, तर त्याचा आवाज आता कुठं खुलला असताना! गेल्या वर्षी आर्वीला, त्यांच्या नेहमीच्या नदीच्या गाण्यात, अंतऱ्याच्या अगदी वरच्या सुरावर माइक फाटला होता. योगेंद्र तरी माइकच म्हणायचा. पण त्यानंतर काय झालं कोण जाणे, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी तोच सूर त्याला हात वर करून सीताफळ तोडावं तसा मिळू लागला. पहाटे कोमट पाण्यातून तूप घेत जा, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. घसरले होते ते ताराभाऊ. त्यांचा खालचा सा लागायचाच नाही, नुसती हवा निघायची. मागच्या कार्यक्रमानंतर योगेंद्रनं गाडीत सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं होतं, “ताराभाऊ, हा खर्ज आहे का दम्याचा पेशंट?” ताराभाऊ हसले होते. रक्षा हसली नव्हती.

तेव्हा योगेंद्रनंही आपली सोय पाहिली. हिंगणघाटला ऋतिक नावाचा तरुण होता, आवाज विहिरीसारखा खोल. त्याच्याशी बोलणं होऊन गेलं होतं. आजचा कार्यक्रम आटोपला की ताराभाऊंना सांगायचं, आता आराम करा. त्यांनी आपल्याला काढायच्या आत आपण त्यांना काढायचं. असं ठरवल्यावर त्याला शांत वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बिनबाजा हातचं गेलं तर त्याच्याजवळ कापडाच्या ठाणांशिवाय काय उरणार होतं?

आजचा कार्यक्रम समुद्रपूरला होता. मंडपात त्यांच्या आधी भजनी मंडळ होतं. ते आटोपून मंडळी प्रसादाला गेली होती, त्यांची पेटी पडद्यामागं सतरंजीवर तशीच होती. समितीचे भैय्याजी कंबरेवर हात ठेवून तिथं आले. त्यांनी माइकच्या वायरी पायानं सरकवून पाहिल्या, गाडीतही डोकावून आले.

“खरं सांगा बाप्पा, पेनड्राइव्ह कोनाजवळ आहे?”

“आमच्यात कोनी काई लपवत नाई, भैय्याजी,” योगेंद्र म्हणाला, आणि म्हणताना त्यानं रक्षाकडे पाहिलं.

भैय्याजींचं समाधान झालं नाही. ते पुढं जाऊन पहिल्याच रांगेत बसले, म्हणजे सगळं नीट दिसेल. रक्षा डबी काढून पडद्याच्या कडेला निघाली होती.

“रक्षा, आज सूर मी देतो. आन ती डबी.”

“मी देते नं भाऊ. तुमी कायले…”

“आन म्हटलं नं.”

तिनं ताराभाऊंकडे पाहिलं. ते थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतत होते. त्यांचा हात थांबला. डबी योगेंद्रच्या हातात आली.

वर्ध्याच्या त्या दुकानातून रीड बदलून आणलेली असणार, अशी त्याची खात्री होती. पण रीड तीच होती. कोपऱ्यावरची ठेच त्याच्या ओळखीची होती. मग त्यानं ती बल्बखाली धरली. काळवंडलेल्या पितळेवर, पात्याच्या मुळाशी, नवीकोरी चकचकीत खरवड होती. लहानपणी पेटी दुरुस्त करणारा घरी यायचा, तेव्हा योगेंद्र त्याच्याजवळून हलायचा नाही. पातं टोकाला खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, हे त्याला तेव्हापासून ठाऊक होतं.

तो सतरंजीवर बसला. बिनबाजा काढल्यापासून त्यानं पेटीला हात लावला नव्हता. भाता ओढून त्यानं काळी दोन दाबली आणि रीड फुंकली. दोन्ही सूर एकमेकांना चावले. त्यानं शेजारची, एक घर खालची पांढरी दोन दाबली, तरीही जमेना. मग त्याचं बोट आणखी एक घर खाली, काळी एकवर गेलं, आणि दोन्ही सूर एकजीव झाले.

“माह्या बापाची रीड!” त्याचा आवाज चढला. “मले न विचारता खरवडली! कधीपासून फसवून राह्यले तुमी मले?”

गोपाल मंडपाच्या दोरीकडे बघू लागला. रक्षाचे डोळे भरून आले.

“आर्वीपासून,” ताराभाऊ म्हणाले.

आर्वीला माइक फाटला होता, असं म्हणायला योगेंद्रनं तोंड उघडलं. पण तिघंही त्याच्याकडे असे बघत होते, की ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंच नाही. वर्षभराचं तूप आणि वर्षभराची फुशारकी त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्याचा हात काही उंच झाला नव्हता. फांदीच कुणीतरी खाली ओढून धरली होती, आधी एक घर, मग आणखी एक. आणि त्याची पट्टी दोन घरं उतरली म्हणजे खर्जालाही दोन घरं उतरावं लागलं. गोदामातला तो तुटणारा सूर त्याला आठवला.

“अन् तुमचा खर्ज, ताराभाऊ?”

“खालचा तुटला त कोनाले समजत नाई, योगेंद्र. वरचा फाटला त साऱ्या गावाले समजते.” ताराभाऊंनी पाण्याचा घोट घेतला. “प्रॅक्टिस करून राह्यलो. लागन.”

योगेंद्रला इतकी लाज वाटली की त्याला वर बघवेना. दम्याचा पेशंट, असं म्हणाला होता तो, सगळ्यांसमोर. तो पेटीच्या पट्ट्यांकडे बघत बसून राहिला.

खिशातला फोन वाजला. हिंगणघाटचा ऋतिक होता. “काका, काय ठरलं तुमचं? मी कधीपासून येऊ?” आवाज खरंच खोल होता, शेजारी उभ्या माणसालाही स्पष्ट ऐकू येईल असा.

“खर्जाले मानूस आहे बाबू आमच्याजवळ,” योगेंद्र म्हणाला. “पहिल्यापासूनच आहे.” त्यानं फोन बंद केला.

ताराभाऊ थर्मासचं झाकण लावत होते. फिरवता फिरवता ते एकदा थांबले, मग त्यांनी ते घट्ट केलं. स्टेजवरून ‘बिनबाजा’चं नाव पुकारलं गेलं.

उठण्याआधी योगेंद्रनं काळी दोन पुन्हा एकदा दाबली आणि तो सूर कानात घट्ट धरून स्टेजवर गेला. डबी त्याच्याच खिशात राहिली. चौघं आपापल्या जागी उभे राहिले. त्यानं डोळे मिटून सूर दिला, तशी रक्षाची मान झटकन त्याच्याकडे वळली. गोपालचा ठेका एक मात्रा चुकून सुरू झाला, जो आजवर कधी चुकला नव्हता. आणि मग ताराभाऊंचा सा लागला. तो तुटला नाही. भरला, पसरला, आणि पहिल्या रांगेत भैय्याजींनी खुर्चीच्या दांडीवरचा हात उचलून दांडीकडेच पाहिलं.

पहिलं कडवं बरं गेलं. अंतऱ्यातला तो वरचा सूर जवळ येऊ लागला. न जाणो, लागेलही, असा एक लोभ त्याच्या मनात येऊन गेला. त्यानं श्वास भरून घेतला. मग तो तसाच सोडून माइकपासून एक पाऊल मागं सरला आणि रक्षाकडे बघून मान हलवली.

मधली जागा रिकामी पडली. नुसता ठेका आणि नुसता खर्ज. रक्षा त्याच्याकडे बघतच राहिली. त्यानं पुन्हा मान हलवली, तेव्हा तिनं तो सूर घेतला, थोडा भीतभीत, पण स्वच्छ आणि पुरता वर. टाळ्या पडल्या. एरवी ज्या जागी पडायच्या, त्याच जागी पडल्या. योगेंद्रच्या छातीत काहीतरी चर्रकन चिरत गेलं, आणि ते लपवायचा त्यानं प्रयत्न केला नाही.

हात मोकळे सोडून स्टेजच्या मधोमध उभं राहणं त्याला जमेना. तो ताराभाऊंच्या बाजूला गेला आणि त्यांच्याबरोबर खालचा सा धरून पाहिला. लागला नाही. नुसती हवा निघाली.

ताराभाऊंच्या डोळ्यांत हसू आलं. सूर न सोडता त्यांनी आपलं पोट जरा बाजूला घेतलं आणि माइक अर्धा त्याच्याकडे वळवला.