मुका मार

किसनला मारायची अक्कल आहे, असं खरवईत सगळे म्हणत. डोकं, पोट, बरगड्या सोडायच्या. मांड्या आणि कुल्ले झोडपायचे. मुका मार! माणसाला आठ दिवस बसता येत नाही, पण मरतही नाही. म्हणून धाकट्या राजूने दारूच्या नशेत आईच्या, वेणूबाईच्या, थोबाडीत मारली, तेव्हा किसनने त्याला आंब्याला बांधलं आणि कंपनीतून आणलेल्या रबरी पाइपाने हात दुखेपर्यंत हाणलं. राजू गुरासारखा ओरडत होता. "हाड एक मोडलं नाय बघ," किसन आईला म्हणाला. कसला माज तो!

दुसऱ्या दिवशी राजूच्या मांड्या टरारून सुजल्या. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, मग बंदच. आता किसनचा जीव तुटू लागला. अंगात उष्णता साठली असेल म्हणून त्याने स्वतःच्या हाताने भावाला तीन शहाळी पाजली.

दुपारी राजूचे हातपाय लुळे पडले, तेव्हा कुठे किसन आणि वेणूबाईने त्याला रिक्षात घालून दवाखाना गाठला. तिथे डायलिसिसवर काम करणारी कीर्ती त्यांच्याच आळीतली. ईसीजीचा कागद बघून ती किसनवर खेकसलीच.

"ठेचलेल्या मांसातलं पोटॅशियम सगळं रक्तात उतरलंय! किडनीच्या नळ्यांत त्याला बाहेर जायला बारीक दारं असतात, फक्त त्याच्यापुरती. रक्तात ते वाढलं की शरीर हुकूम सोडतं, आणखी दारं उघडतात, लघवीतून ते वाहून जातं. पण इथे त्या ठेचलेल्या मांसाच्या गाळाने नळ्याच तुंबल्यात. दारं उघडून करतील काय? आणि वर तू शहाळी पाजलीस? त्यात तेच भरलेलं असतं रे! ते वाढलं की हृदयच बंद पडतं!"

"वाचंल ना गं?"

"मशीन लावतेय. बाजूला हो."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तेवढ्यात मॉनिटरच्या पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली आणि आडवी पडली. कीर्ती स्टुलावर चढून राजूची छाती दोन्ही हातांनी दणादण दाबू लागली. कट्‌कन बरगडी मोडली. मग दुसरी.

"अगं, मारू नको त्याला!" किसन बोंबलत तिचे हात धरायला धावला. वॉर्डबॉयने त्याला मागे खेचलं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, कीर्तीने हात काढले. वेणूबाई भिंतीला टेकून बसली होती.

"एक थोबाडीत मारली होती रे त्याने," ती किसनला म्हणाली. "मी रात्रीच जेवायला वाढलं होतं त्याला."