चौथं गवत

सोमवारी, १३ ऑक्टोबरला, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सुवर्णा खालकरला क्लबहाऊसपुढच्या लॉनमध्ये, पूर्वेकडून तिसऱ्या पट्ट्यात, एक वेगळं ठोंब दिसलं. ते तिने उपटलं नाही. शेजारी काडी रोवली आणि खुरपं घेऊन पुढे सरकली.

लॉन एकोणीस दिवसांचं होतं. मखमलाबाद रस्त्यावरच्या या नव्या वसाहतीत चार हजार चौरस फूट तयार गवत अंथरलं होतं. मातीसकट कापलेल्या गुंडाळ्या टेम्पोतून आल्या आणि सतरंजीसारख्या उलगडल्या गेल्या. बागकामवाले त्याला कार्पेट म्हणतात. आठवडाभरात त्यातून भलतंच गवत डोकं काढू लागलं. वसाहतीच्या कमिटीला त्याची यादी संध्याकाळी पाचपर्यंत हवी होती. कोणतं गवत, किती ठिकाणी, आणि कार्पेटमधल्या मातीबरोबर आलं की खालच्या जमिनीतून. कार्पेटबरोबर आलं असेल तर माल देणाऱ्याने ते पट्टे बदलून द्यायचे होते. खालून आलं असेल तर दोष जमीन तयार करणाऱ्यांचा.

जमीन दोघींनी तयार केली होती. सुवर्णाने आणि पेठकडच्या भागीबाईने. नऊ दिवस लाल माती चाळणीतून काढून त्यांनी लव्हाळ्याच्या गाठी वेचल्या होत्या.

"बैलाला चारायचं नाय, माणसानं तुडवायचं नाय," भागीबाई पाटीकडे बघून म्हणाली. 'गवतावर चालू नये' असं त्या पाटीवर लिहिलं होतं. "मग ठेवलंय कशाला, ओवाळायला?"

सुवर्णा हसली नाही. भागीबाईला त्याची सवय होती. दोन वर्षांपूर्वी सुवर्णाचा नवरा दीपक अकरा दिवसांच्या तापाने गेला. त्यानंतर ती सायखेड्याहून नाशिकला भावाच्या शेजारी खोली घेऊन राहिली आणि या कामाला लागली. वेळेवर यायची, सांगितलं तेवढं करायची, डबा खायची. काही विचारलं तर नेमकं उत्तर द्यायची.

दहापर्यंत तिने तीन गवतं वेगळी करून वर्तमानपत्रावर मांडली. लव्हाळा, ज्याचा देठ बोटांत फिरवला की तीन धारा लागतात. हरळी, जिच्या काड्या जमिनीला धरून पळतात. बारीक तुऱ्याचा चिमणचारा. मग ती काडीपाशी परत गेली. ठोंबाची एक काडी मोडून तिने पेराच्या गाठी पाहिल्या. प्रत्येक गाठीभोवती पांढऱ्या केसांचं बारीक कडं होतं. हे मारवेल होतं.

मारवेल कुठेही असतं, बांधावर, माळावर. पण बांधावरचं मारवेल एकट्या काडीने बारीक येतं. हे जाड होतं, पान रुंद होतं. दीपकने म्हशीसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून असल्या मारवेलची ठोंबं आणली होती आणि नदीकडच्या पंधरा गुंठ्यांत ओळीने लावली होती. लावताना ती मागून पाणी घालत होती. तिने पट्टे मोजत लॉन पुन्हा पाहिलं. तिसऱ्या ते आठव्या पट्ट्यात मिळून अकरा ठोंबं निघाली.

साडेदहाला ठेकेदाराचा सुपरवायझर राकेश मोटारसायकलवरून आला.

"ताई, झाली यादी?"

"तीन झाली. चौथं आहे. मारवेल."

"ते काय असतं?"

"जनावरं खातात. कार्पेट कुठून आलंय?"

"पिंपळगावच्या पार्टीचं. तो शेतकऱ्यांकडून लावून घेतो. का?"

"यादीत लिहावं लागेल ना."

राकेशने तिथूनच फोन लावला. दोन वाक्यं बोलला, हसला, फोन खिशात घातला. "सायखेड्याकडचं म्हणतो. गोदाकाठचं. माती लय भारी म्हणे, गवत एकदम काळंभोर येतं."

"शेतकऱ्याचं नाव?"

"त्याला तरी आठवतंय का, ताई. गुंडाळ्या मोजतो तो, नावं नाही."

जेवणाच्या सुट्टीत सुवर्णाने पाण्याच्या टाकीमागे जाऊन धाकट्या दिराला, वाल्मीकला, फोन केला. पंधरा गुंठे दीपकच्या वाट्याचे होते, आता तिचे. वाल्मीक ते बघत होता. गेल्या वर्षी त्याने गव्हाचं एक पोतं पाठवलं होतं. यंदा पड ठेवलंय असं त्याने सांगितलं होतं.

"भाऊजी, नदीकडच्या तुकड्यात काय हाय सध्या?"

मागे पाण्याची मोटार चालू होती.

"लॉन हाय, वहिनी."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. दोन कापण्या गेल्या. तिसरी तयार हाय. पार्टीची ऑर्डर आली की लगेच भरायची."

"मला नाय सांगितलं."

"विचारलं होतं की. दहाव्याच्या दिवशी, घाटावर. तुम्ही म्हणाल्या, करा काय करायचं ते. भागवतमामाबी होते तिथं."

सुवर्णाला घाट आठवत होता. कोणीतरी हातात दिलेला पाण्याचा तांब्या आठवत होता. वाल्मीक काही बोलल्याचं आठवत नव्हतं. पण ती तसं म्हणाली असेल. त्या महिन्यात ती सगळ्यांना तेच म्हणत होती.

"कापताना माती जाती ना बरोबर," ती म्हणाली.

"जाती इंच-दीड इंच. गाळ टाकू की वरून. नदी काय कुठं गेली का?"

"टाकला का?"

"टाकायचाय."

"ही तिसरी कापणी नको करू."

"वहिनी, आता ऐनवेळी…" तो थांबला. "बघतो. बोलतो मी पार्टीशी."

तिने फोन ठेवला आणि डबा उघडला. भाकरी आणि मेथी होती. तिने ती पूर्ण खाल्ली.

साडेचारला राकेश कागद घेऊन आला. सोबत कमिटीचे एक निवृत्त गृहस्थ होते, पायात चपला, हातात चष्म्याची केस. त्यांनी तीन गवतांवर मान डोलावली. पहिल्या तिन्हींचे मोजके कोंब होते, उपटले तरी चालणार होतं. चौथ्यापाशी ते थांबले.

"हे जास्त ठिकाणी आहे. खालून आलंय का हे?"

"सांगा ताई," राकेश म्हणाला. "कार्पेटबरोबर असेल तर तिसरा ते आठवा, सहा पट्टे बदलून मागतो. पार्टीकडे माल कापायला तयारच आहे, सकाळीच बोललो मी. परवा टाकून देईल."

सुवर्णाला कळलं की तो माल कुठे आहे.

भागीबाई चार पावलांवर उभी होती. खुरपं पदराला पुसत होती. खालून आलं असं निघालं तर पुढच्या साइटवर दोघींऐवजी दुसऱ्या बायका येतील, हे तिलाही ठाऊक होतं.

सुवर्णाने खाली बसून एक ठोंब मुळासकट उचललं. खालची जमीन लाल होती. मुळं काळ्या मातीच्या थरातच गोळा झाली होती, एकही लाल मातीपर्यंत गेलं नव्हतं. तिने ते उलटं करून त्या गृहस्थांपुढे धरलं.

"कार्पेटबरोबर आलंय," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. ही काळी माती इथली नाही."

राकेशने लिहून घेतलं. गृहस्थांनी सही केली. पाच वाजायला सात मिनिटं बाकी होती.

"चला, निस्तरलं," भागीबाई म्हणाली. मग सुवर्णाच्या हाताकडे बघून, "टाक की ते आता." सुवर्णाने ठोंब कचऱ्याच्या घमेल्यात टाकलं.

मंगळवारी तिने सुट्टी घेतली आणि पहिल्या बसने सायखेड्याला गेली. नदीकडच्या तुकड्यात हिरवंगार, एकसारखं लॉन होतं. पूर्वेच्या कोपऱ्यात दीपकने पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बसवला होता, जमिनीला लागून, नांगर अडकू नये म्हणून. आता तो वर उघडा पडला होता. तिने बोटं लावून मोजलं. चार बोटं, आणि वर थोडं.

वाल्मीक बांधावरून आला. त्याने चहा विचारला, ती नको म्हणाली.

"दोन कापण्यात एवढी?" तिने विचारलं.

"वाफे करायला सपाट केलं होतं आधी. त्यात गेली थोडी."

"उद्या टेम्पो येणार हाय का?"

"निरोप आलाय. सहा पट्ट्यांचा माल पाहिजे म्हणे, नाशिकला कुठं तरी खराब निघाला."

"ते लॉन मीच तपासलं, भाऊजी."

वाल्मीकने तिच्याकडे पाहिलं. "मग तुम्हीच मागवला म्हणायचं का?"

"हो. पण इथून नको देऊ."

"दुसरं कुठंय माझ्याकडं कापायला?" तो रागावलेला नव्हता. पायाने व्हॉल्व्हभोवतीचं गवत चाचपत होता. "पार्टीला सांगून बघतो. ओझरला एकाचं हाय, तयार झालं असंल तर. नाय म्हणाला तर मग माझ्या हातात नाय."

"माझ्या हातात हाय का?"

तिथून ती तलाठी कार्यालयात गेली. तलाठी पंचनाम्याला बाहेर होते. तिने अर्ज लिहिला: माझ्या वाट्याच्या क्षेत्रातून माती काढण्यास माझी संमती नाही. कोतवालाने तो घेतला, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सही दिली, आणि साहेब गुरुवारी येतील असं सांगितलं.

बुधवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी राकेशचा मेसेज आला. टेम्पो पिंपळगावहून निघाला आहे, माल भरून दहापर्यंत साइटवर, दोघींनी जुने पट्टे उचलून ठेवावेत. माल कुठून भरणार, हे त्यात नव्हतं. तिने विचारलं. त्याने ते वाचल्याची खूण दिसली, उत्तर आलं नाही.

सव्वासातला तिने वाल्मीकला फोन लावला. पुन्हा साडेसातला, पुन्हा आठला. रिंग पूर्ण वाजत होती. आठ वाजून वीस मिनिटांपर्यंत त्याने फोन उचललेला नव्हता.