वेरूळच्या उन्हात धरलेला तांब्या

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. माझ्या झाकणाला आटे आहेत. ते फिरवून घट्ट बसवलं की गाडीच्या गचक्यांतही पाणी सांडत नाही. निदान तरुणपणी सांडत नसे. खरं तर जन्मापासून सांगायला हवं, पण मला आधी एक साधा दिवस सांगू द्या. तसा दिवस आमच्या घरात पुन्हा आला नाही.

जळकोटला चैत्रातली सकाळ होती. माझे मालक महांतप्पा, कापडाचे व्यापारी, न्हाणीपाशी बसून मला चिंचेनं घासत होते. त्यांची एकुलती मुलगी मल्लम्मा सासरहून उन्हाळ्यापुरती आली होती.

"मल्लू, वेरूळ बघून आलो आन् दारचा नळदुर्ग राहिला. लोकं हसतील की."

"किल्ला कुठं पळून चाललाय, अप्पा?"

"किल्ला न्हाय पळत. तुझं माहेरपण पळतंय. उद्या जाऊ. तांब्या घासूनच ठेवतो."

"गळतोय तो. नवा घ्या आता."

"गळू दे. लई दुनिया बघितलीय त्यानं."

त्यांनी मला लख्ख करून दारापाशी ठेवलं. रात्री भाकरी खाऊन ते झोपले. सकाळी उठले नाहीत. मी दारापाशी तसाच उभा होतो.

मला बार्शीच्या एका तांबटानं ठोकून घडवलं. पोटात कल्हई, बाहेर पिवळंधमक पितळ. महांतप्पांनी मला त्यांच्या लग्नाच्या वर्षी घेतलं. ते लिंगवंत. सकाळी अंघोळ, इष्टलिंगाची पूजा झाली की ते माझ्या तोंडावर स्वच्छ कापड धरून स्वतः पाणी गाळत. मग दिवसभर तेच पाणी. बाजाराच्या गावी कुणी कितीही आग्रह केला तरी दुसऱ्याच्या भांड्याला ते हात लावत नसत. त्यामुळे ते जातील तिथं मीही जात असे.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मल्लम्माचं लग्न ठरलं होतं. तिची आई लहानपणीच गेलेली. तिला पुस्तकांचा नाद, आणि पुस्तकांतली जुनी ठिकाणं एकदा डोळ्यांनी पाहण्याची ओढ. सासरी ते जमेल असं दिसत नव्हतं. महांतप्पांनी दुकान भावाकडं सोपवलं आणि भर उन्हाळ्यात मुलीला घेऊन ते मोटारीनं उत्तरेला निघाले. त्यांची बहीण सिद्धम्मा उंबऱ्यातच कडाडली, "लगीन तोंडावर आलंय आन् बाप-लेक दगडं बघाया निघाले!"

"दगडं न्हाईत ती, अक्का. पाव्हण्यांकडं चाललोय," महांतप्पा म्हणाले.

तेरला एका घरात जुनी मातीची खेळणी आणि शंखाच्या बांगड्या मांडून ठेवल्या होत्या. महांतप्पांनी दारातच जोडे काढले.

"अप्पा, हे देऊळ न्हाय."

"नसू दे. वयानं किती मोठ्या हाईत या. मोठ्यांपुढं जोडे घालून जायचं व्हय?"

औरंगाबादला जुन्या शस्त्रांचं दालन पाहिलं. तिथल्या पाट्या उर्दूत. शाळेत उर्दू शिकलेली मल्लम्मा वाचून दाखवी, मराठीत अडलं तर कानडीत सांगे. महांतप्पा मान डोलावत आणि प्रत्येक तलवारीपुढं मला एका हातातून दुसऱ्या हातात घेत.

शेवटी वेरूळ. एका लेण्याच्या आतल्या भिंतीवर काहीतरी कोरलेलं होतं, पण अंधारात मल्लम्माला नुसत्या सावल्या दिसत होत्या. मोठे साहेब येत तेव्हा बाहेर माणसं आरसे धरून आत ऊन पाडत, असं तिनं वाचलं होतं. आमच्यासाठी आरसा कोण धरणार?

महांतप्पा लेण्यापुढच्या अंगणात गेले. त्यांनी मला उलटं करून पाहिलं. माझं बूड सपाट आणि चकचकीत होतं. पण आटे झिजलेले. आडवं धरलं की मी गळत असे. त्यांनी झाकण फिरवलं आणि सकाळी गाळून भरलेलं सगळं पाणी एका रोपाच्या मुळाशी ओतलं. आता संध्याकाळी विहीर मिळेपर्यंत त्यांना घोटभर पाणी मिळणार नव्हतं. मग भर दुपारच्या उन्हात त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. माझ्या बुडावरचा उजेड आत गेला.

"वर घ्या, अप्पा! अजून वर... डावीकडं!"

"दिसलं का?"

"हलू नका!"

ते हलले नाहीत. मी तापून त्यांचे तळवे भाजत होतो. तेवढ्यात पहारेकरी धावत आला. "ओ बावा, क्या करतें? ये उजाला सरकारी मेहमानां के वास्ते है!"

"मेहमानच हाय ती," महांतप्पा म्हणाले. "पंधरवड्यानं दुसऱ्याच्या घरी जायची."

पहारेकऱ्यानं हातातली काठी खाली टेकवली. मग म्हणाला, "डालो बावा, डालो. मेरी भी दो गयीं."

आत मल्लम्माचा आवाज थांबला होता. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. महांतप्पांचे डोळे उन्हानं दिपले होते. त्यांना आतलं काहीच दिसलं नव्हतं.

"कसं होतं गं?"

"बरं होतं," ती म्हणाली. मोटार सुटायची वेळ झाली होती.

पुढं लग्न झालं. वर्षं गेली. ती माहेरी येई, जाई. लेण्यात काय दिसलं, तो विषय निघालाच नाही.

महांतप्पांचे दिवस झाल्यावर सिद्धम्मा म्हणाली, "हा गळका तांब्या मोडीत घाल." मल्लम्मानं मला चिंचेनं घासलं आणि अंगणात उन्हाला पालथं घातलं. माझ्या बुडावरून उजेडाचा एक तुकडा उडून दारातून आत गेला आणि खुंटीवरच्या महांतप्पांच्या फेट्यावर थांबला.

मित्रांनो, आम्ही जुनी भांडी घासली की चमकतो, एवढी काळजी आम्हाला पुरते. माणसांचं तसं नसतं. कुणी उन्हात उभं राहून तुम्हाला काही दाखवलं, तर काय दिसलं ते त्यांना सांगा. ते वाट पाहतात, पण पुन्हा विचारत नाहीत.

मल्लम्मा माझ्याजवळ जमिनीवर बसली. फेट्याकडं बघत ती मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, आत पार्वतीचं लगीन होतं. ती मान खाली घालून उभी होती. तिच्या मागं तिचा बाप होता. तुमचा उजेड त्याच्या तोंडावर पडला, आन् मला पुढचं काई दिसंना."